बाईंच्या सर्व्हरसाठी जागा

पुण्यातली नोकरी सोडून मी कोल्हापूरला परत आले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही लग्न करील. माझ्याबरोबर परत आलेल्या मैत्रिणीच्या घरच्यांनाही तिच्याबद्दल तेच वाटलं. आम्ही दोघींनी मात्र मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्यानं घेतली, दोन टेबलं टाकली आणि लोकांना वेबसाईट करून द्यायचा धंदा सुरू केला. पहिलं मोठं काम आलं ते एका वधूवर सूचक मंडळाचं. म्हणजे दोन्ही घरांना निम्मं तरी समाधान मिळालं.

मैत्रीण शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातली. घरचा ऊस, घरचे ट्रॅक्टर, आणि शेतातून बांधाच्या पलीकडे ऐकू जाईल असा घरचा आवाज. आमच्याकडच्या पुष्कळ पोरींसारखी तीही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलते. पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांनी मिळून तिला सुधारायचा प्रयत्न केला, आणि शेवटी त्या टीममधल्या दोन पुणेरी मुलीच ‘मी येतो गं’ म्हणायला लागल्या.

मंडळ चालवणाऱ्या बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओळखीतल्या दोघातिघांची लग्नं जमवली आणि बघता बघता त्यांच्या हॉलमध्ये लोकांच्या माहितीच्या फायलींचे ढीग लागले. इतके, की स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला बसवायला जागा उरेना. म्हणून त्यांना वेबसाईट हवी होती.

जिना चढून त्या पहिल्यांदा आमच्या खोलीत आल्या तेव्हा आम्ही तयारीनं बसलो होतो. वेबसाईट एका सतत चालू असणाऱ्या संगणकावर राहते, त्याला सर्व्हर म्हणतात; लोकांची माहिती डेटाबेसमध्ये नीट लावून ठेवलेली असते; कुणी मोबाईलवर साईट उघडली की सर्व्हर डेटाबेसला विचारतो आणि उत्तर देतो. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

“आणि हा सर्व्हर असणार कुठे?”

“क्लाऊडवर, बाई,” मैत्रीण म्हणाली.

“क्लाऊड म्हणजे नक्की कुठलं गाव?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. इतकी वर्षं नोकरी केली, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता.

“मुंबई असेल,” मी म्हटलं. “नाहीतर हैदराबाद.”

“असेल?” बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. शाळेत त्यांनी चष्मा काढला की पहिल्या बाकावरची मुलंसुद्धा मान खाली घालायची. “लोकांनी आपल्या मुलींचे फोटो, जन्मतारखा, घरचे पत्ते माझ्यावर विश्वास टाकून दिलेत. ते मी ‘असेल’ नावाच्या गावी पाठवू? अंदाजे उत्तराला मी मार्क देत नव्हते, आठवतंय ना तुला?”

आठवत होतं. मी घाईघाईनं म्हटलं की सर्व्हर इथंच, आमच्या खोलीत ठेवू. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि चष्मा परत लावला.

ओळखीच्या एका ऑफिसानं मोडीत काढलेलं दणकट मशीन मी पुण्याहून आणलं, पुसूनबिसून कोपऱ्यात ठेवलं, त्यावर लिनक्स चढवलं. त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागल्यावर आम्हा दोघींना एकदम कंपनी असल्यासारखं वाटायला लागलं. चाचणीसाठी थोडी माहिती भरली, बाईंच्या मोबाईलवर साईट उघडून दाखवली. सगळं छान.

मग मशीन आपोआप बंद पडायला लागलं. चालू करावं, जरा वेळ चालावं, तापावं, की बंद. मी प्रोग्रामात चूक शोधत बसले. मैत्रिणीनं शेवटी वैतागून स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत सगळं पांढरं. पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यात पीठ. दोन भाकरी सहज झाल्या असत्या.

खालचे गिरणीवाले वर आले. “माझ्या गिरणीचं पीठ वर येतच न्हाय,” त्यांनी दारातनंच सांगितलं. मग आत येऊन पंख्यावरनं बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि जरा वेळानं म्हणाले, “पण दळण चांगलं बारीक झालंय बगा.”

मैत्रीण ते मशीन मोटारसायकलवर बांधून गावी घेऊन गेली, कारण ट्रॅक्टरचा फिल्टर साफ करायचा हवेचा पंप तिच्या घरी होता. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः उभं राहून फसाफस हवा मारली. अंगणात पिठाचा धुरळा उडाला. मशीन लख्ख झालं. अण्णांनी ते उचलून हॉलमध्ये नेलं, टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं येऊन बघितलं.

“हे हितंच ऱ्हाऊ दे की,” ते म्हणाले.

“अण्णा, हे वेबसाईटचं मशीन हाय. शोभेचं न्हाय.”

“मला काय कळत न्हाय व्हय? ऊस आपला, मोटर आपली, ट्रॅक्टर आपला. मग सर्व्हर तेवढा दुसऱ्याच्या दारात कशाला?”

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. घरात मोठा इन्व्हर्टर होता. फायबरचं नेट दारापर्यंत आलेलं होतं. हॉलमध्ये एसी होता, आणि मुख्य म्हणजे आसपास गिरणी नव्हती. तरी बाईंनी स्वतः जाऊन बघितल्याशिवाय होकार दिला नाही. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. त्यांनी हॉल बघितला, फळी हातानं दाबून बघितली, लाईट किती वेळा जाते ते अण्णांना विचारलं, घरात कोण कोण असतं ते मैत्रिणीच्या आईला विचारलं. मैत्रिणीच्या आईनं पोहे केले, बिनकांद्याचे. दिवस मावळायच्या आत जेवून जाच म्हणून आग्रह झाला. परत येताना बाई मागच्या सीटवरून माझ्या कानात म्हणाल्या, “घर चांगलं आहे. माणसं सरळ आहेत. दिलं.”

जागेचा प्रश्न सुटला तसा डेटाबेसवरून आमचा दोघींचा वाद सुरू झाला. माझं म्हणणं, माहिती रकान्यांत बसवू. नावाचा रकाना, उंचीचा, शिक्षणाचा, नोकरीचा. प्रत्येक माणसाची एक ओळ. जुनी पद्धत आहे, पण पक्की. मैत्रिणीचं म्हणणं, आता नव्या तऱ्हेचा डेटाबेस मिळतो. त्यात प्रत्येक माणसाचं एक पाकीट करायचं आणि जे काही असेल ते जसंच्या तसं त्यात टाकायचं. रकान्यांची कटकट नाही.

“तुझ्या रकान्यात हे बसवून दाखव,” असं म्हणत तिनं बाईंकडच्या फायली उघडल्या आणि मोठ्यानं वाचायला लागली. एका मुलाच्या उंचीपुढं लिहिलं होतं, ‘वडिलांएवढी’. एकीच्या शिक्षणापुढं, ‘चालू आहे, थांबवल्यास थांबेल’. एकानं नोकरीच्या जागी लिहिलं होतं, ‘गरज नाही’. आणि एका मुलाच्या आईनं अपेक्षा सांगितली होती, ‘मुलगी शांत पाहिजे, पण अगदीच नको’.

मी ‘वडिलांएवढी’वर अडले. वडिलांची उंची कुठेच नव्हती.

“बसव की,” मैत्रीण म्हणाली. “मी वाट बघतो.”

पाकिटं जिंकली.

साईट सुरू झाली आणि अण्णांच्या हॉलमधून झकास चालायला लागली. बाईंच्या हॉलमधले ढीग कमी झाले, सोफा दिसायला लागला. पण इकडे शिरोळकडे भलतंच सुरू झालं. घरी कुणीही आलं, की अण्णा त्याला फळीसमोर उभं करायचे. खतवाला येवो, उसाच्या नोंदी घेणारा साखर कारखान्याचा स्लिप-बॉय येवो, सोयरे येवोत.

“पावणं, हे बगा. जिल्ह्यातली समदी स्थळं ह्यात हायत.”

“ह्या डब्यात?”

“डबा न्हवं, सर्व्हर.”

ही बातमी अर्थातच गावात राहिली नाही. शेजारच्या गावाहून एक गृहस्थ गुळाची ढेप घेऊन आले आणि सरळ सोफ्यावर बसले. “आमच्या थोरल्याचं जरा ह्यात बघा की,” त्यांनी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, मला ते उघडता येत नाही. पाहुण्यांना ते पटेना. एवढं घरात आणून ठेवलंय आणि उघडता येत नाही म्हणजे काय? आम्ही परके म्हणून सांगत नाही, असं म्हणून ते रुसायच्या बेताला आले. मैत्रिणीच्या आईनं चहा टाकला. मग अशा चहांची रांगच लागली. “तुमच्या मशीननं माझा गॅस संपवला,” असं ती माऊली फोनवर सांगायची, आणि मागून अण्णांचा कुणाला तरी सर्व्हर समजावून सांगतानाचा आवाज यायचा.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली तेव्हा सर्व्हरच्या गळ्यातही झेंडूचा भलामोठा हार पडला. गळा म्हणजे हवेची जाळी. इकडे खोलीत माझ्या स्क्रीनवर इशारे यायला लागले की मशीन तापतंय. मैत्रिणीनं घरी फोन लावला.

“अण्णा, त्याच्यावर काय ठेवलंय?”

“काय न्हाय. हार घातलाय.”

“काढा की तो आधी!”

“सणासुदीचा हार काढत न्हाईत गं.”

“त्याला श्वास घेता येत न्हाय, अण्णा!”

हे मात्र त्यांना लगेच कळलं. हार इन्व्हर्टरला गेला.

लग्नसराई सुरू झाली आणि एका दुपारी आमच्या जिन्यावर जड पावलांचा आवाज आला. तिघेजण वर आले. पुढचे गृहस्थ पांढऱ्या शर्टातले, मिशा भरदार, मागं त्यांचे दोघे भाऊ. मलकापूरहून गाडी करून आले होते.

“मालक कुठं हायत?”

“आम्हीच,” मी म्हटलं.

त्यांनी आमच्या डोक्यावरून खोलीत बघितलं, अजून कुणी नाही याची खात्री केली आणि मग नाइलाजानं आमच्यावरच ओरडले. “ह्ये काय चालवलंय तुमी?”

त्यांच्या मुलीचं लग्न बाईंच्याच मंडळातून ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता. आणि आदल्या दिवशी त्यांच्या पुतणीच्या मोबाईलवर आमच्या साईटचा मेसेज आला होता, ‘आपल्यासाठी एक योग्य स्थळ’. पुतणीनं उघडून बघितलं, तर फोटोत तिचे होणारे दाजी.

“माझ्या पुतणीला माझ्याच जावयाचं स्थळ!” त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. “घरात काय झालं असंल, इचार करा. माझी पोरगी रडाय लागली. पुतणी म्हंती, मी काय केलं? माझी बायको म्हंती, त्या पोरानं साईटवरनं अजून नाव काडलं न्हाय, म्हंजे त्याच्या मनात काय तरी हाय. मी काल रात्रीला त्याच्या बाला नको नको ते बोललोय!”

मागच्या भावानं हळूच पुष्टी दिली. “लई बोलले.”

मैत्रिणीनं त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. मी त्या मुलाचं पाकीट उघडलं. तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, लग्न ठरले. मुलानं साखरपुड्याच्या दिवशीच ते लिहिलं होतं. मग मी पुतणीचं पाकीट उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं. एखादं स्थळ कुणाला सुचवायचं ठरलं, की आमचा प्रोग्राम त्या स्थळाच्या माहितीची नक्कल समोरच्याच्या पाकिटात टाकून ठेवायचा, म्हणजे साईट पटकन उघडेल. मुलानं आपल्या पाकिटात लग्न ठरल्याचं लिहिलं, पण त्याच्या जुन्या नकला पोरींच्या पाकिटांत तशाच होत्या. तिथं तो अजून लग्नाचा होता.

मैत्रिणीनं हे त्यांना न घाबरता, न लपवता सांगितलं. “काका, पोरगा चांगला हाय. त्यानं त्याच दिवशी कळवलंय, ही बघा तारीख. चूक आमच्या मशीनची हाय. एकाच माणसाच्या आम्ही दहा ठिकाणी नकला करून ठेवल्यात.”

गृहस्थ तारखेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे त्यानं कळवलं हुतं?”

“कळवलं होतं,” मी म्हटलं.

“आणि मी त्याच्या बाला...” ते भावाकडे वळले. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला.

शेवटी आमच्याच खोलीतून फोन झाला. मैत्रिणीनं स्वतः मुलाच्या वडिलांना सगळं समजावलं, मग गृहस्थांनी फोन घेतला. “पावणं,” एवढंच म्हणून ते जरा थांबले. पलीकडून काहीतरी आलं आणि ते एकदम हसायला लागले. पलीकडच्या पाहुण्यांनी म्हणे विचारलं होतं, “पुतणीला पोरगा पसंत पडला का न्हाय ते तरी सांगा.” सगळे हसले. भाऊ सगळ्यांत जास्त हसला. जाताना त्यांनी आम्हाला लग्नाचं आमंत्रण दिलं आणि दारात थांबून म्हणाले, “ते नकलांचं तेवढं मिटवा.”

ते जिना उतरले तरी मैत्रीण स्क्रीनवरच्या नकलांकडेच बघत होती. तिच्या पाकिटांचा तिला फार अभिमान होता. मीही ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ म्हणायच्या बेतात होते, पण तिचा चेहरा बघून खालून दोन प्लेट भजी आणली. भजी संपल्यावर तीच म्हणाली, “चल. रकाने पाड.”

आम्ही डेटाबेस बदलायचं ठरवलं. एका माणसाची माहिती एकाच ठिकाणी, आणि बाकी सगळीकडे फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं. मूळ ठिकाणी ‘लग्न ठरले’ झालं की सगळीकडे एकदम झालं. पण त्यासाठी उंची आकड्यांत हवी, शिक्षण ठरावीक शब्दांत हवं. हे बाईंना सांगितलं तर त्यांना आनंदच झाला. इतक्या वर्षांनी कुणाची तरी गणितं तपासायला मिळाली. त्यांनी घरोघरी फोन लावले. “वडिलांएवढी चालणार नाही. वडिलांना भिंतीला उभं करा आणि टेप लावा. मुलाला नको? बरं, मुलालाच लावा. मी थांबते फोनवर.” त्यातून असं निघालं की आमच्याकडच्या निम्म्या मुलांची उंची आजवर त्यांच्या आयांनी प्रेमानं सांगितली होती.

अपेक्षांचं मात्र काही करता येईना. ‘शांत पाहिजे, पण अगदीच नको’ कुठल्याच ठरावीक शब्दांत मावत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, तेवढा एक मोठा मोकळा चौकोन ठेवू, त्यात ज्याला जे लिहायचं ते लिहू दे. मी ठेवला. तिच्या पाकिटांतलं तेवढं शहाणपण आम्ही उचललं.

नवा डेटाबेस घरच्या मशीनवर चढवायला आम्ही दोघी गेलो तेव्हा अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले. “ह्याचं नाव काय?”

“पोस्टग्रेस.”

“पोस्टाचं हाय व्हय? मग चांगलं. पोस्टातलं कवा बुडत न्हाय.”

आम्ही दुरुस्ती केली नाही.

त्या वर्षी पावसानं जोर धरला तो सोडेना. धरणांतून पाणी सुटलं आणि कृष्णा चढायला लागली. शिरोळकडच्या लोकांना हे माहीत असतं. कुठल्या झाडाच्या बुंध्याला पाणी लागलं की काय हलवायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. पण त्या ठरलेल्यात सर्व्हर नव्हता. सकाळी मैत्रिणीच्या घरी फोन लागला तेव्हा तिची आई म्हणाली, म्हशी हलवल्या, धान्य वर टाकलं, आता आम्ही निघतोय. त्यानंतर फोन लागेना. साईट बंद पडली. त्या दिवशी साईटकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मैत्रीण खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारत होती आणि मी तिच्या भावाला, चुलत्याला, ज्याचा नंबर असेल त्याला फोन लावत होते.

बाई भिजत वर आल्या. त्यांनी आधी माणसांचं विचारलं, मग जनावरांचं. मी साईटबद्दल सांगायला लागले तर म्हणाल्या, “गप गं. ते कुठं पळून चाललंय?”

दुपारनंतर अण्णांचा फोन आला. सगळे सुखरूप होते. उंचावरच्या गावातल्या शाळेत त्यांची सोय झाली होती. मैत्रीण मटकन खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मी फोन स्पीकरवर टाकला.

“काळजी करू नको,” अण्णांचा आवाज पावसातही दणदणीत होता. “तुजा सर्व्हर आणलाय. गोधडीत गुंडाळून, वर ताडपत्री घालून ट्रॉलीत घातलाय. एक थेंब लागू दिला न्हाय. वाटंत ट्रॉली हलत हुती म्हणून मांडीवर घेऊन बसलो हुतो.”

“अण्णा,” ती डोळे पुसत म्हणाली, “कशाला आणला? त्याच्यातलं सगळं रोज हितं माझ्या मशीनवर कॉपी होतंय. बॅकअप हाय.”

अण्णांनी परत विचारून खात्री केली.

“म्हंजे ह्याच्यातलं समदं तुज्याकडं हाय?”

“हाय की.”

“मग ह्ये आदी सांगायचं न्हाय व्हय!” अण्णा कडाडले. “तुजी आई म्हणत हुती, मशीन ऱ्हाऊ द्या, पापडाचा डबा घ्या! मी पापडाचा डबा ठेवून आलोय घरात!”

मागून मैत्रिणीच्या आईचा आवाज आला. पापडाविषयी त्या काय म्हणाल्या ते सगळं ऐकू आलं नाही, पण थोडक्यात काय ते कळलं. मैत्रीण रडता रडता हसायला लागली. बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

पाणी हॉलमध्ये शिरलं होतं, टीव्हीच्या फळीपर्यंत. ओसरल्यावर आम्ही दोघी गेलो, चिखल काढू लागलो, भिंती धुतल्या. अण्णा रिकाम्या फळीकडे बघत म्हणाले, “आपल्याला हाय त्यो तरास पुरे. लोकांच्या पोरींची स्थळं हितं नको. भाड्यानं घ्या, पर पाणी न येणाऱ्या गावात घ्या.”

अण्णांनीच सांगितल्यावर बाईंचा क्लाऊडवरचा राग मावळला, पण पारख सुटली नाही. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांशी त्या स्वतः बोलणार होत्या. आम्ही फोन स्पीकरवर लावून दिला आणि बाजूला बसलो.

पहिल्या कंपनीचा माणूस फार गोड बोलला. “मॅडम, आमचा सर्व्हर शंभर टक्के कधीच बंद पडत नाही.”

“कधीच?”

“कधीच, मॅडम.”

बाईंनी फोन ठेवला. “शंभर टक्के म्हणणाऱ्या घरी मी मुलगी दाखवत नाही.”

दुसरीकडचा माणूस गडबडून गेला आणि त्यानं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. तिसरा एक तरुण होता, आवाजावरून नवखा वाटला. बाईंनी त्याला विचारलं, सर्व्हर कुठल्या गावी आहे? तो म्हणाला, नवी मुंबईत. तिथं पाणी शिरतं का? इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, आजवर शिरलेलं नाही. बंद पडतो का? तरुण म्हणाला, “पडतो मॅडम, कधीतरी. पण पडला की आम्ही स्वतः कळवतो. आणि माहितीची एक प्रत हैदराबादला असते.”

“आणि आमचं नाही पटलं, आम्हाला सोडून जायचं असेल तर? आमची माहिती आम्हाला परत देणार, की अडवून धरणार?”

मी आणि मैत्रिणीनं एकमेकींकडे बघितलं. पुण्याच्या ऑफिसात ह्या प्रश्नावर बैठका चालायच्या.

“परत देणार, मॅडम. तशीच्या तशी. लेखी देतो.”

“लग्न झालंय का तुमचं?” बाईंनी विचारलं.

“अं... नाही, मॅडम.”

“बरं. सर्व्हरचं ठरलं म्हणून समजा.”

अशा तऱ्हेनं व्यवस्था ठरली. साईट एका मशीनवर, डेटाबेस दुसऱ्यावर. दोघं एकत्र का नाहीत, असं बाईंनी विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली की साईटवर गर्दी झाली तर डेटाबेसला त्रास नको, आणि एकाची दुरुस्ती काढली तर दुसऱ्याला धक्का नको. “वेगळी बिऱ्हाडं,” बाई म्हणाल्या. “येणंजाणं राहतं, भांडण होत नाही. योग्य.”

एका रविवारी जेवणानंतर, लोक आडवे झाले की साईटवर गर्दी नसते म्हणून, आम्ही सगळं हलवलं. जुन्यातली माहिती नव्यात ओतली, माणसांची मोजदाद दोन्हीकडे सारखी आली का ते बघितलं, आणि साईटचा पत्ता नव्या मशीनकडे वळवला. मग दोघी नखं खात बसलो. काहीच झालं नाही. काहीच झालं नाही हेच आम्हाला हवं होतं, पण इतक्या उचापतींनंतर ते फार सपक वाटलं.

आणि ती साईट चालूच राहिली. महिने गेले. पाऊस आला, गेला, दसरा झाला, लग्नसराई झाली. साईटनं तोंडातून हूं की चूं काढलं नाही. आम्हाला नवी कामं मिळाली, एक डॉक्टरांचं, एक नर्सरीवाल्यांचं.

मग एक दिवस बाई परत जिना चढून आल्या. चेहरा पडलेला. मी घाईघाईनं विचारलं,

“बंद पडलीय का बाई?”

“नाही. चालते की. छान चालते.” त्या खुर्चीत टेकल्या. “लोक आपापलं बघतात, आपापलं ठरवतात. परवा एकाचं लग्न झाल्यावर मला कळलं. मला कुणी फोनच करत नाही गं आता. दुपारभर सोफ्यावर बसून असते.”

साईट इतकी चांगली चालावी म्हणूनच तर सगळा खटाटोप केला होता. मैत्रीण खुर्ची ओढून संगणकापुढं बसली. तिनं साईटचं पहिलं पान उघडलं आणि अगदी वर, फोटोंच्याही वर, ठसठशीत अक्षरांत एक ओळ टाकली. ‘काहीही विचारायचे असल्यास बाईंना फोन करा.’ खाली बाईंचा नंबर.

“हे कशाला?” बाई म्हणाल्या. “लोकांना काही अडचण तर नाहीये.”

“असू दे की बाई.”

त्या उठल्या, चष्मा सारखा केला आणि कठड्याला धरून उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यात असतानाच त्यांचा फोन वाजला. गिरणी चालू होती, त्यामुळे बाईंना ओरडूनच बोलावं लागत होतं.

“कोण? हां, बोला. मुलगी की मुलगा? आधी उंची सांगा. वडिलांची नाही, मुलाची!”